वाळवी नव्हे, साल खाणारी अळी!

परसातल्या पेरूच्या बेचक्यात भुसकट चिकटलेली तपकिरी जाळी दिसली, की पुष्कळजण ती वाळवी समजून बुंध्यात औषध ओततात. पैसा जातो आणि झाड वाळतच राहते.

गेल्या हिवाळ्यात एका वस्तीवर घरधनी कुऱ्हाड घेऊनच उभे होते. "साहेब, दोन फांद्या वाळल्या. आता तोडतोच." वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंच्या हातचं झाड आहे. एकदा बघा तरी." मी जाळी सारली. वाळवीची माती नव्हती. रेशमी धाग्यात अळीची विष्ठा व सालीचा भुसा होता. खाली साल खरवडलेली, बेचक्यात भोक. सायकलची तार आत घातली, तशी टोकाला मळकट तपकिरी अळी आली. कुऱ्हाड खाली ठेवली गेली.

ही एका पतंगाची अळी. पावसाळ्याच्या तोंडावर मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. ८ ते १० दिवसांत अळ्या निघतात. दिवसा त्या लाकडातल्या भोकात लपतात, रात्री जाळीच्या आडोशाने साल खातात. असे ९-१० महिने चालते. उन्हाळ्यात तिथेच कोष होतो. वर्षात पिढी एकच; म्हणून हिवाळ्यात मारलेली अळी पुढच्या पावसाळ्यात अंडी घालत नाही.

पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. साल गेली की ते अडते. फांदी रोडावते, फळ घटते. आंबा, बोर, डाळिंब, संत्रा, फणस यांनाही ही अळी लागते. जुन्या, दुर्लक्षित झाडांवर ती अधिक.

उपाय घरचाच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक बेचके पाहा. जाळी झाडून काढा. भोकात तार खुपसून अळी मारा. मग रॉकेलचा किंवा पेट्रोलचा कापसाचा बोळा आत सरकवून चिखलाने लिंपा. हे करताना विडी-काडी दूर ठेवा. पूर्वी यासाठी डायक्लोरव्हॉस सांगत. त्यावर २०२० अखेरपासून बंदी आहे. जुनी बाटली घरात असली तरी वापरू नका.

आठवड्याने पुन्हा पाहा. ताजा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे. पुन्हा तार घाला. वाळलेल्या फांद्या छाटून जाळा. दाट झाडे विरळ करा.

त्या वहिनींनी तार आता परसदारीच खुंटीला अडकवून ठेवली आहे.