अश्रु आणि स्मित

अश्रु हा सात्त्विक भाव. मन एकाग्र झाल्यावांचून तो प्रकट होत नाहीं, असें भरतमुनींचें मत. त्याचें प्रत्यंतर २०१४ सालीं रशियांत सोची येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत आलें. फिगर स्केटिंगच्या पहिल्या फेरींत जपानची माओ असादा बर्फावर पडली व सोळाव्या क्रमांकावर गेली. दुसऱ्या दिवशीं पदकाची आशा उरली नसतांही तीच साडेतीन गिरक्यांची उडी तिनें पुन्हां घेतली, आणि ती साधली. संगीत थांबलें, तिनें मान वर केली, डोळे भरून आले. क्षणभरानें अश्रु आवरून ती हसली व नम्रपणें वांकली. क्रमांक अखेर सहावाच! परंतु वाचकहो, पडल्यावर उठावें कसें, हें घरांतील मुलांना सांगण्यास तेवढें स्मित पुरेसें आहे.