इतिहासविषयक नियतकालिकाचे संपादकपद : उत्तराधिकाराचा प्रश्न

मराठी नियतकालिकांच्या पहिल्या पिढीत संपादक हा बहुधा संस्थापकच असे. त्यामुळे संपादकाची नियुक्ती कशी करावी, हा प्रश्न त्या पिढीला फारसा पडला नाही. १८७४ साली सुरू झालेली ‘निबंधमाला’ ८४ अंकांनंतर थांबली. ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांची स्वतःची लेखणी होती आणि तिला दुसरा संपादक मिळणे संभवनीयच नव्हते. याउलट १८६७ मध्ये मुंबईस निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’चे संपादकपद रा. भि. गुंजीकरांनी १८७४ मध्ये सोडले, तरी ते मासिक १९३७ पर्यंत चालले. संपादकाच्या व्यक्तित्वावर उभे असलेले नियतकालिक आणि संपादक बदलूनही टिकणारे नियतकालिक, हा भेद येथे स्पष्ट दिसतो. प्रादेशिक इतिहासाला वाहिलेले नियतकालिक यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१८७८ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने जुने काव्य आणि ऐतिहासिक साधने छापण्याचे व्रत घेतले. का. ना. साने यांनी प्रामुख्याने बखरी-पत्रांचे आणि ज. बा. मोडक यांनी काव्याचे काम पाहिले. ही विभागणी सोयीची तर होतीच. शिवाय तीत एक शहाणपण होते, त्याकडे पुढे येऊ. हे मासिक दशकभराने बंद पडले. त्यातील पत्रे, यादी वगैरे लेख सरदेसाई, कुलकर्णी व काळे यांनी पुन्हा संपादून १९३० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे त्या मासिकाला उत्तराधिकारी मिळाले, पण सुमारे चार दशकांनी, आणि तेही मासिकाबाहेर. द. ब. पारसनीसांच्या ‘भारतवर्ष’ व ‘इतिहाससंग्रह’ यांची गोष्ट निराळी नाही. नियतकालिके थांबली, कागद मात्र साताऱ्याच्या संग्रहालयात आणि १९३९ नंतर डेक्कन कॉलेजात राहिले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली तेव्हा प्रथमच साधनांना आणि संशोधनाला व्यक्तीपलीकडचे घर मिळाले.

पहिल्या पिढीतील संपादकाचा अधिकार त्याच्या संग्रहातून येई. दप्तरे त्याने स्वतः हिंडून मिळविलेली असत. ती देणारी घराणी त्याला ओळखत. नव्या संपादकाकडे ही पुंजी नसते. मग त्याच्याकडे नेमके काय सोपवायचे? माझ्या मते, वाचनाची पद्धती. मोडी लेखनात शिरोरेषा आधी ओढून अक्षरे मागून लिहिली जात. शब्द तोडलेले नसत, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसे. तेव्हा लिप्यंतर करताना शब्द कोठे तोडावा, ‘इ’ लिहावा की ‘ई’, शंकास्पद अक्षर कोणत्या खुणेने दाखवावे, हे निर्णय संपादकाला पदोपदी घ्यावे लागतात. एका संपादकाने मुळाबरहुकूम छापले आणि त्याच्या मागून आलेल्याने न सांगता आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे सुधारून छापले, तर इतिहासकाराचे फारसे बिघडणार नाही. आपले मात्र बिघडेल. अठराव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी अशा पत्रांतून विभक्तिप्रत्यय, क्रियापदांची रूपे आणि लेखनसवयी टिपत असतो. त्याला जे रूप पेशवाईतले वाटते, ते प्रत्यक्षात संपादकाचे असते.

कालनिर्णयाचेही तेच. पत्रात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे वर्ष असते. अरबी संख्यावाचकांनुसार ते एक, साठ, शंभर व हजार मिळून शुहूर सन ११६१ होते. शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. म्हणून इसवी सन काढताना जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यापुढे, वर्ष बदलेपर्यंत, ६०० मिळवावे लागतात. हे पत्र पावसाळ्यातले असेल तर १७६० चे आणि पानिपतच्या संग्रामाच्या, म्हणजे पौषातल्या दिवसांचे असेल तर १७६१ चे. शिवाय ‘छ’ या खुणेपुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो, तो जुळवून पाहावा लागतो. नवा संपादक येथे चुकला तर पत्र एका वर्षाने सरकते, आणि ज्या घटनेची ते बातमी देते ती घटनाच पत्राच्या पुढे जाऊन पडते.

प्रत्यक्षात नियुक्त्या ज्येष्ठतेने होतात. एका जिल्ह्याच्या त्रैमासिकाची अशी निवड मी जवळून पाहिली आहे. उमेदवारांच्या सेवेची वर्षे मोजली गेली. मोडीचे एक पानही कोणापुढे ठेवले गेले नाही. पुढे स्वीकृत लेखांपैकी दोन कोठे गेले, हे कोणालाच सांगता येईना, कारण आधीच्या संपादकांनी आवक-नोंद स्वतःच्या वहीत ठेवली होती आणि ती वही घरच्यांनी रद्दीत दिली होती. दोष घरच्यांचा नव्हता. संशोधनपत्रिकांच्या केअर यादीच्या काळात, म्हणजे २०१९ नंतर, या पदाला पदोन्नतीच्या हिशेबाचेही महत्त्व आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती यादी २०२५ मध्ये रद्द केली असली, तरी त्या काळात लागलेल्या सवयी एवढ्यात जातील असे दिसत नाही.

साने-मोडकांच्या विभागणीतील शहाणपण येथे उपयोगी पडावे. एकाच व्यक्तीला मोडी, फारसी संज्ञा, वाङ्मयेतिहास आणि मुद्रणाचे व्यवहार हे सारे यावे, ही अपेक्षा आज वास्तव नाही. साधनविभागासाठी लिपिज्ञ आणि लेखविभागासाठी भाषा-वाङ्मयाचा अभ्यासक असे दोन संपादक नेमावेत. जाणाऱ्या संपादकाबरोबर त्यांनी किमान एका वर्षाचे अंक एकत्र काढावेत. निवडीच्या वेळी प्रत्येकाला एक अप्रकाशित पत्र देऊन त्याचे लिप्यंतर, कालनिर्णय आणि टीप मागवावी. लिप्यंतराचे नियम दरवर्षीच्या पहिल्या अंकात छापावेत आणि ते बदलल्यास कोणत्या अंकापासून बदलले, याची नोंद त्याच पृष्ठावर करावी. आवक-नोंदवही आणि मूळ कागद परत केल्याच्या पावत्या संपादकाच्या घरी न राहता संस्थेच्या दप्तरात असाव्यात, आणि पदभार देताना दोघांनीही त्यांवर सह्या कराव्यात.