मस्टँग उद्या पुण्याला निघते

सकाळी ८ – वडोदऱ्यात मांजलपूरच्या माझ्या गॅरेजचं शटर वर जातं. फोर्ड मस्टँग काल रात्रीच आणून ठेवायला सांगितली होती, कारण टायरची हवा गाडी थंड असतानाच मोजायची. गाडी धावली की टायर तापतात, आकडा चढतो, आणि तो बघून हवा सोडणारा माणूस कमी हवेवर हायवेला लागतो. दाराच्या चौकटीवर कंपनीचा तक्ता आहे. मागे माणसं बसणार, म्हणून भरल्या गाडीचा आकडा धरतो.

९:३० – पुढे २५५/४०, मागे २७५/४०, रिम १९ इंची. २५५ मिलिमीटर रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे पुढच्या रिमखाली साइडवॉल जेमतेम १०२ मिलिमीटर. खड्ड्याची धार त्या पातळ रबरातून थेट रिमला बसते आणि टायरला फुगा येतो. तो आतल्या बाजूला असला तर दिसत नाही, म्हणून मी हात फिरवून बघतो. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे त्यांची अदलाबदलही करता येत नाही. सीलंटची बाटली मालकांनी घेतली आहे. खिळ्याच्या भोकाला ती चालते. साइडवॉल फाटली तर गाडी टोइंगवरच जाणार.

११ – गाडी लिफ्टवर. पोटाचा प्लास्टिक पत्रा ओरखड्यांनी भरलाय. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १३७ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे कागदावर ३७ मिलिमीटर उरतात. सोसायटीच्या गेटवरचा बंप मात्र कुणी टेप लावून केलेला नसतो. पत्र्याच्या तुटलेल्या क्लिपा बदलतो. हायवेच्या वाऱ्यात सुटलेला पत्रा आधी फडफडतो आणि मग फाटतो.

दुपारी १ – सेव-उसळ. खाता खाता यादी: ब्रेक पॅड, कूलंट, बेल्ट, वायपर. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायची घोषणा केली आणि साणंदचा कारखाना पुढे टाटांकडे गेला. मस्टँग तर इथे कधी बनलीच नाही. २०१६ पासून ती तयार गाडी म्हणून आयात व्हायची. रस्त्यात काही गेलं तर पार्ट शेल्फवर मिळणार नाही. पॅड अर्धे झालेत. एरवी चालवले असते, पण परतताना खंडाळ्याचा घाट उतरायचा आहे. बदलून टाकतो.

३ – मालक रस्ता विचारायला येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वडोदरा-भरूच एक्सप्रेसवे सुरू झाल्यापासून जांबुवाच्या पुलावरचं रांगेत उभं राहणं टळतं. एक्सप्रेसवेवर गाडी पाहिजे तशी पळते.
“किती ठेवू, काका?”
“एकशे वीसची मर्यादा आहे, साहेब. तेवढी बलेनोही जाते.”
टाकी ६१ लिटरची. पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनानं हायवेला लिटरमागे आठ किलोमीटर दिले तरी ४९० च्या आत-बाहेर. पुणे त्याहून लांब. म्हणून वापीपर्यंत जाऊन टाकी भरायची. महाराष्ट्रात शिरलं की पेट्रोल महाग.

५ – सगळं घर आलं. मागे सीट दोनच, आणि तिथे पोचायला पुढची सीट वाकवून आत घुसावं लागतं. आजींचे गुडघे म्हणाले, नाही. आजी पुढे, वहिनी मुलीबरोबर मागे. डिकी ४०८ लिटरची, पण तोंड अरुंद. कडक सूटकेस अडली, कापडी बॅगा गेल्या. लिलो चिवडा आणि भाकरवडीचे पुडे वहिनींच्या पायाशी.

सगळ्यांना बसवून मी १० सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा पोटाखालून सरकवला. सकाळी सहज गेला होता, आता मध्येच अडकला. वहिनींनी उतरून स्वतः वाकून बघितलं. मग दोन जड बॅगा आणि मेव्याचा डबा खाली काढला. ठोकळा घासत का होईना, गेला.

६:३० – भरल्या गाडीची चक्कर, तुलसीधाम चार रस्त्यावरून मकरपुऱ्यापर्यंत. बंप आला की मालक गाडी तिरकी घेतात, एका वेळी एकच चाक चढवतात. मागची मोटरसायकल हॉर्न वाजवते. ब्रेक सरळ लागतात, पोटाखालून आवाज नाही. एवढ्या दमदार इंजिनाच्या गाडीची परीक्षा चालण्याच्या वेगात झाली. उद्याही अवघड जागा याच असणार: टोलनाक्याचे पट्टे, धाब्याचा कच्चा उतार आणि पुण्यातल्या बिल्डिंगचा रॅम्प.

८ – बिल झालं. उतरवलेल्या बॅगा मालकांनी रिक्षात घातल्या, ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पार्सल करायला. आजींनी हिशोब विचारला, “बस किती वाजता पोचते?”
“सकाळीच.”
“आणि आपण?”
“दुपार होईल.”
आजी म्हणाल्या, “मग तिकडे फोन करून सांग, बॅगा आधी येतील.”