एका गावाचे तीस वर्षांचे स्थलांतर

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याजवळ असलेल्या न्यूटॉक गावाने 1994 मध्ये जागा बदलण्याची तयारी सुरू केली. शेवटची कुटुंबे नव्या जागी राहायला गेली ती 2024 च्या अखेरीस. दोन्ही जागांमधले अंतर जेमतेम 14 किलोमीटर, नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचे. गावाची वस्ती साडेतीनशेच्या आसपास. एवढ्याशा गावाला एवढेसे अंतर कापायला 30 वर्षे का लागावीत?

न्यूटॉक हे युपिक या मूलनिवासी लोकांचे गाव. युपिक लोक पूर्वी एका जागी बांधून राहत नसत. मासे, सील, पाणपक्षी आणि रानफळे यांच्या हंगामाप्रमाणे त्यांचे मुक्काम बदलत. विसाव्या शतकात सरकारने मुलांना शाळा सक्तीची केली आणि हे फिरते जगणे थांबले. 1949 च्या सुमारास न्यूटॉक वसले. शाळेच्या बांधकामाचे सामान आणणारी बार्ज नदीतून जिथवर जाऊ शकत होती, ती जागा शाळेसाठी ठरली आणि शाळेभोवती गाव उभे राहिले. ती दलदलीची, सखल जमीन होती. तिथे कायम राहण्याचा विचार युपिक लोकांनी स्वतःहून केला नसता.

ही जमीन आतून बारमाही गोठलेली. माती, गाळ आणि पाणी यांचा गोठून घट्ट झालेला हा थर, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, हाच तिथल्या घरांचा पाया. तापमान वाढले तसा तो वितळू लागला, घरे एका बाजूला कलली, पायवाटा चिखलात रुतल्या. पूर्वी शरद ऋतूत समुद्र गोठायचा आणि वादळी लाटा त्या बर्फावर अडायच्या. आता बर्फ उशिरा धरतो आणि त्याआधीच वादळे येतात. गावालगतची निंगलिक नदी वर्षाला सरासरी 70 फूट काठ गिळू लागली. बार्जचा धक्का गेला, कचरा टाकायची जागा गेली, मग नदी घरांपाशी आली.

नव्या जागेबद्दल गावात वाद नव्हता. नेल्सन बेटावरचे मेर्तार्विक उंचावर आहे, तिथे खडकाचा पाया आहे आणि झऱ्याचे गोडे पाणी आहे. ती जमीन मात्र केंद्र सरकारच्या वन्यजीव अभयारण्यात होती. तिची अदलाबदल करण्यासाठी अमेरिकी संसदेला कायदा करावा लागला आणि तो 2003 मध्ये झाला. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. वस्ती नाही म्हणून शाळा मंजूर होईना, आणि शाळा नाही म्हणून मुलाबाळांची कुटुंबे जाईनात. दुसरीकडे, गाव हलणारच आहे म्हणून जुन्या न्यूटॉकमध्ये नव्या सोयींवर कोणी खर्च करीना.

त्याहून मोठी अडचण कायद्याची होती. अमेरिकेचा आपत्तीविषयक कायदा वादळ, पूर, भूकंप अशा घटनांसाठी लिहिलेला आहे. घटना घडते, तिची तारीख नोंदवली जाते, मग मदत सुटते. रोज थोडा थोडा खचणारा काठ या चौकटीत बसत नाही. न्यूटॉकने आपत्ती जाहीर करण्याची मागणी केली, तेव्हा जानेवारी 2017 मध्ये ती नाकारली गेली. अख्खे गाव हलवण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपवली आहे, असे एकही केंद्रीय खाते त्या देशात नव्हते. ज्या शासनाने फिरत्या लोकांना एका जागी बसवले, त्याच शासनाकडे त्यांना तिथून उठवण्याचा मार्ग नव्हता.

तरीही गाव हलले, कारण गावाच्या परिषदेने पाठपुरावा सोडला नाही. 2006 पासून राज्य आणि केंद्राची अनेक खाती गावकऱ्यांबरोबर एका गटात बसू लागली. 2009 मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण मोहिमेतून नव्या जागेवर बांधकामाला हात लागला. ऑक्टोबर 2019 मध्ये पहिली कुटुंबे तिथे गेली. 2022 मध्ये केंद्राने अडीच कोटी डॉलर मंजूर केले. मधली पाच वर्षे गाव नदीच्या दोन्ही काठांवर विभागलेले होते आणि शेवटी आलेल्या काही कुटुंबांना तात्पुरत्या घरांत राहावे लागले.

न्यूटॉक एकटे नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2003 मध्येच सांगितले होते, की अलास्कातल्या मूलनिवासींच्या 213 गावांपैकी 184 गावांना पूर आणि धूप यांचा त्रास आहे. शिशमारेफने ऑगस्ट 2016 मध्ये 89 विरुद्ध 78 मतांनी गाव हलवायचे ठरवले. ते आजही त्याच अरुंद बेटावर आहे. किवालिना गावाने 2008 मध्ये तेल आणि ऊर्जा कंपन्यांवर दावा लावला, तो न्यायालयाने फेटाळला. ऑक्टोबर 2025 मध्ये हालाँग वादळाचे अवशेष याच किनाऱ्यावर धडकले. किपनुक आणि क्विगिलिंगॉक ही गावे उद्ध्वस्त झाली, घरे पायापासून सुटून वाहून गेली आणि शेकडो लोकांना विमानांनी हलवावे लागले.

पॅसिफिकमध्ये फिजीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. वुनिदोगोलोआ गावाने संरक्षक भिंती बांधून पाहिल्या, त्या टिकल्या नाहीत. शेवटी गावकऱ्यांनी सरकारकडे मदत मागितली आणि 2014 च्या सुरुवातीला गाव सुमारे दोन किलोमीटर आत, आपल्याच कुळाच्या जमिनीवर गेले. जमीन स्वतःची असल्याने तिच्यासाठी भांडावे लागले नाही. पण 30 घरे बांधून झाली तेव्हा त्यांत स्वयंपाकघरेच नव्हती. आराखड्यात बायकांचे मत विचारात घेतले गेले नव्हते. धरणग्रस्तांच्या नव्या वसाहती पाहिलेल्या मराठी वाचकाला असे अनुभव ओळखीचे वाटतील. फिजीने मात्र त्यातून धडा घेतला. 2018 मध्ये नियोजित स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वे आणि 2023 मध्ये त्यांची सविस्तर कार्यपद्धती त्या सरकारने तयार केली.

तुवालूला मात्र आत सरकायला जमीनच नाही. नऊ बेटांचा हा देश जेमतेम 26 चौरस किलोमीटरचा आणि लोकसंख्या 11 हजारांच्या आसपास. राजधानी फुनाफुतीमध्ये समुद्रात भराव घालून सात हेक्टरांहून अधिक उंच जमीन तयार केली आहे. त्याच वेळी ऑस्ट्रेलियाशी केलेला फालेपिली करार ऑगस्ट 2024 मध्ये लागू झाला आणि वर्षाला 280 तुवालूवासीयांना तिथे कायम राहण्याची वाट मोकळी झाली. 2025 मध्ये पहिली सोडत जाहीर झाली, तेव्हा कुटुंबीय धरून 8,750 जणांनी नावे नोंदवली. यातून देशच रिकामा होईल, अशी भीती अनेकांना वाटली. पण तुवालूने 2023 मध्येच राज्यघटना बदलून आपले राष्ट्रपण जमिनीच्या अस्तित्वावर अवलंबून नसल्याचे लिहून ठेवले आहे. जाण्याची सोय आणि राहण्याचा हक्क, दोन्ही हाती ठेवण्याचा हा शहाणपणा आहे.

या साऱ्या अनुभवांतून एकच निष्कर्ष निघतो. भिंत, भराव आणि नवी घरे ही साधने आहेत. ती उपयोगी पडतात ती निर्णय गावाच्या हाती असेल, जमिनीचा हक्क पक्का असेल आणि संथ आपत्तीलाही कायदा आपत्ती मानत असेल तरच. 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हानी-नुकसानीसाठी जागतिक निधी ठरला आणि त्यात संथ आपत्तींचाही समावेश झाला. त्या निधीत श्रीमंत देशांनी पुरेसा पैसा घालावा आणि तो मधल्या कचेऱ्यांत न अडकता थेट गावांच्या परिषदांपर्यंत पोहोचवावा. शिशमारेफला आणखी 30 वर्षे थांबवणे अन्यायाचे होईल.