औषधविक्रीच्या वाटेवरचे गणित

बी.एस्सी. होऊन काही वर्षे शिकवण्या किंवा प्रयोगशाळेत नोकरी केलेले आपले जुने विद्यार्थी कधी कधी सल्ला विचारायला येतात : औषध कंपनीत विक्री प्रतिनिधी, म्हणजे एम.आर., व्हावे का? पगार, प्रवास, टार्गेट यांविषयी त्यांना इतर कोणीही सांगेल. विज्ञानशिक्षक म्हणून आपण काय सांगावे?

प्रथम या विक्रीचे वेगळेपण पाहू. डॉक्टर औषध लिहून देतात. पैसे रुग्ण मोजतो आणि परिणामही तोच भोगतो. एम.आर. डॉक्टरांना देतो ती माहिती, तीही चार-पाच मिनिटांत. म्हणून कोणता आकडा सांगायचा आणि कोणता गाळायचा, यालाच फार महत्त्व येते.

एक उदाहरण घेऊ. रोफेकॉक्सिब (व्हायॉक्स) या सांधेदुखीवरील औषधाची तुलना नॅप्रोक्सेन या जुन्या औषधाशी करणारी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ८,००० रुग्ण होते. जठर व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रण, रक्तस्राव असे त्रास दर १०० रुग्णवर्षांमागे नॅप्रोक्सेनवर ४.५, तर नव्या औषधावर २.१ होते. म्हणजे त्रास निम्म्याहून कमी! पण त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके ०.१ टक्क्यावरून ०.४ टक्क्यावर गेले. म्हणजे चौपट! हजार रुग्णांत मोजले, तर सुमारे नऊ महिन्यांत एकाऐवजी चार.

कंपनीचे म्हणणे असे, की नॅप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करते, म्हणून फरक दिसतो. हे खरे की खोटे, ते या तुलनेतून कळणे शक्य नव्हते. त्यासाठी औषध नसलेल्या गोळीशी तुलना हवी. तशा एका चाचणीत धोका वाढलेला दिसला आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने औषध बाजारातून मागे घेतले. विक्री प्रतिनिधींनी आधीच्या चाचणीवर आपणहून चर्चा सुरू करू नये, अशी सूचना कंपनीच्या कागदपत्रांत होती, हे २००५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आले.

म्हणून या व्यवसायात जाणाऱ्याने प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारावेत. किती जणांपैकी? कशाच्या तुलनेत? आणि किती काळात? फायदा व धोका शक्यतो एकाच मापात, दर हजारी, मांडावा. मूळ शोधनिबंध वाचण्याची सवय ठेवावी. मुलाखतीत आपणही विचारावे : दुष्परिणामांचे प्रशिक्षण देता का? डॉक्टरांनी धोक्याविषयी विचारले तर काय सांगायचे?

याला नियमांचाही आधार आहे. भारत सरकारच्या औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या विपणनसंहितेनुसार 'सुरक्षित' हा शब्द मर्यादा न सांगता वापरता येत नाही, औषधाला दुष्परिणाम मुळीच नाहीत असे म्हणता येत नाही आणि डॉक्टरांना भेटवस्तूही देता येत नाहीत.

नववी-दहावीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना वरचेच आकडे फळ्यावर लिहून पाहावेत. 'चौपट' आणि 'हजारांत तीन जास्त' ही एकाच आकड्याची दोन रूपे आहेत, हे मुलांना पटले, तर त्यांतला पुढे कोणी औषध विकणारा होवो, लिहून देणारा होवो की घेणारा, ते त्याच्या उपयोगी पडेल.