इमारत माहिती प्रतिमानन आज्ञावलीची निवड

इमारत माहिती प्रतिमानन आज्ञावलीची निवड : इमारतीचे घटक त्यांचे आकारमान, गुणधर्म व परस्परसंबंध यांसह संगणकात मांडण्याच्या पद्धतीस इमारत माहिती प्रतिमानन म्हणतात. रेखाचित्रात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा असतात. प्रतिमानात मात्र ती जाडी, थर, उंची व अग्निरोधक क्षमता असलेली वस्तू असते. दार सरकविल्यास भिंतीतील पोकळीही सरकते आणि आराखडा, छेद व दारांची सूची यांत तो बदल आपोआप उतरतो. हे प्रतिमान जीत घडविले जाते, ती मूलभूत आज्ञावली होय. ऊर्जाविश्लेषण, वाहिन्या व तुळया यांची टक्कर शोधणे, खर्चाचा अंदाज इ. कामे तिच्यातील माहितीवर अवलंबून असल्याने तिच्या निवडीचे परिणाम दूरगामी असतात.

विकास : रेखाचित्रांऐवजी संगणकीय वर्णन वापरण्याची कल्पना अमेरिकन वास्तुविशारद चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडली. बूडापेस्ट येथील ग्राफिसॉफ्ट कंपनीची (स्थापना १९८२) आर्किकॅड ही या क्षेत्रातील आरंभीच्या आज्ञावलींपैकी एक होय. मॅसॅचूसेट्स राज्यात तयार झालेली रेव्हिट २००० मध्ये बाजारात आली व २००२ मध्ये ती ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतली. फिनलंडमधील टेक्ला स्ट्रक्चर्स ही आज्ञावली पोलादी सांगाड्यातील जोड, बोल्ट व काँक्रीटमधील सळया यांच्या तपशिलासाठी विशेष उपयुक्त आहे.

निवडीचे निकष : सर्व कामांस सारखीच उपयुक्त अशी एकही आज्ञावली नाही. त्यामुळे प्रतिमानातून कोणती माहिती, कोणाला व केव्हा हवी आहे, हे प्रथम ठरवावे लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकातही मालकाने आपल्या माहितीविषयक गरजा आधी निश्चित कराव्यात, असे अभिप्रेत आहे. त्यानंतर पुढील बाबी विचारात घेतात : (१) वास्तुरचना, संरचना व यांत्रिक सेवा यांपैकी कोणत्या शाखेचे काम प्रधान आहे, (२) सहभागी सल्लागार व कंत्राटदार कोणती आज्ञावली वापरतात, (३) प्रशिक्षित मनुष्यबळ व घटकसंग्रह कितपत उपलब्ध आहेत, (४) मोठ्या प्रतिमानावर अनेकांना एकाच वेळी काम करता येते काय, (५) परवान्याचे स्वरूप व त्याचा दीर्घकालीन खर्च. वार्षिक वर्गणीच्या पद्धतीत हा खर्च कायम चालू राहतो. २०२० मध्ये ब्रिटनमधील अनेक वास्तुकला-कार्यालयांनी रेव्हिटचा वाढता खर्च व मंद विकास यांविषयी ऑटोडेस्कला जाहीर पत्र लिहिले होते.

माहितीचा विनिमय : भिन्न आज्ञावलींतील देवघेव हा या निवडीतील सर्वांत कठीण भाग होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेच्या २००४ मधील अहवालानुसार अपुऱ्या विनिमयक्षमतेमुळे तेथील बांधकाम क्षेत्राचे २००२ मध्ये सु. १,५८० कोटी डॉलरचे नुकसान झाले आणि त्यापैकी सु. दोन-तृतीयांश भार इमारतींचे मालक व चालक यांच्यावर पडला. यावर उपाय म्हणून आयएफसी हा कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला खुला आकृतिबंध विकसित करण्यात आला. आयएसओ १६७३९ या क्रमांकाने २०१३ मध्ये तो पूर्ण आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यातून घटकांचा आकार व गुणधर्म दुसऱ्या आज्ञावलीत नेता येतात. तथापि घटकांना बांधणारे बदलाचे नियम बहुधा मागे राहतात. शिवाय रेव्हिटच्या नव्या आवृत्तीतील संचिका जुन्या आवृत्तीत उघडता येत नाही. म्हणून आवृत्ती सर्वांनी मिळून ठरविणे आणि मुख्य कामापूर्वी लहान नमुना-प्रतिमानाची देवघेव प्रत्यक्ष करून पाहणे इष्ट असते.

महत्त्व : ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून केंद्र शासनाच्या बांधकाम प्रकल्पांसाठी या पद्धतीचा अवलंब आवश्यक करण्यात आला. महाराष्ट्रात नागपूर मेट्रो प्रकल्पात वेळ व खर्च यांची जोड असलेली पंचमितीय पद्धती वापरण्यात आली. इमारत पन्नास वर्षे वा त्याहून अधिक काळ वापरात राहते. आज्ञावलीची एक आवृत्ती मात्र काही वर्षांतच मागे पडते. दुरुस्तीच्या वेळी मूळ संचिका उघडता आली नाही, तर भिंतीआडच्या वाहिन्यांची माहिती असूनही हाती लागत नाही. यासाठी मूळ संचिकेबरोबरच खुल्या आकृतिबंधातील प्रत मालकाच्या ताब्यात देण्याची अट करारात घालणे हितावह ठरते.