गादी (अर्थ)

गादी हा मराठीतील अनेकार्थी शब्द आहे. कापूस भरून व जागोजागी टाके घालून तयार केलेले बसण्याचे किंवा झोपण्याचे मऊ साधन, हा त्याचा रूढ अर्थ होय. याशिवाय तो पुढील अर्थांनी वापरला जातो.

राजपद : महाड तालुक्यातील रायगड किल्ल्यावर ६ जून १६७४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. १६८९ मध्ये किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. तथापि राजाराम महाराजांनी जिंजीहून राज्यकारभार चालवल्याने गादी खंडित झाली नाही. या अर्थाने गादी म्हणजे विशिष्ट आसन वा स्थळ नसून राज्य करण्याचा अधिकार होय. पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांच्या राज्यांच्या सीमा ठरल्या.

गुरुपरंपरा : मठाचे किंवा संप्रदायाचे प्रमुखपद.

व्यापार : पेढीवरील मालकाची बैठक.

शेती : रोपे तयार करण्यासाठी जमिनीपासून उंच केलेला सपाट वाफा, म्हणजेच गादीवाफा. महाड, पोलादपूर यांसारख्या अतिपावसाच्या भातपट्ट्यात त्याचे विशेष महत्त्व आहे. उंचीमुळे जादा पाणी बाजूच्या चरांतून निघून जाते व कोवळी रोपे कुजत नाहीत. तयार रोपांची लावणी चिखलणी केलेल्या खाचरात होते.

कुस्ती : मातीच्या आखाड्याऐवजी वापरली जाणारी मॅट. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत किताबाची अंतिम लढत माती व गादी या दोन विभागांतील विजेत्यांमध्ये होते.